चोर सोडून लाखोळीला सुळी

रायपूरच्या मालवीय रोडवरून आत वळले की गोल बाजार लागतो. नाव गोल, पण आतल्या गल्ल्या नवख्याला चकवणाऱ्या. पूजेचे सामान, लग्नाचा बस्ता, भांडीकुंडी, मसाले, किराणा, सगळे एकमेकांच्या अंगावर रेललेले. थंडी पडली की या भागात एक कोवळी, नाजूक तणाव्यांची हिरवी भाजी जुड्याजुड्यांनी विकायला येते. छत्तीसगडी माणूस तिला तिवरा भाजी म्हणतो, कोणी लाखडी भाजी म्हणतो. त्याच झाडाची डाळ किराण्याच्या पोत्यात असते आणि तिच्याकडे स्थानिक गिऱ्हाईक कौतुकाने किंवा भीतीने बघत नाही. डाळीकडे बघावे तसे बघते. दचकतो तो नागपूर-भंडाऱ्याकडून आलेला पाहुणा. त्याला ती लगेच ओळखू येते. त्याच्या गावी ती लाख, लाखोळी किंवा लाखोरी. आणि तिच्याविषयी त्याने लहानपणापासून एकच वाक्य ऐकलेले असते: खाल तर लंगडे व्हाल.

हे वाक्य खोटे असते तर काम सोपे होते. ते अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्यावर जवळजवळ अर्धे शतक महाराष्ट्राचा कायदा चालला. आजही शहरी मराठी वाचक, डॉक्टर, ग्राहकांचे कैवारी आणि प्रगत शेतीचे पुरस्कर्ते या पिकाविरुद्ध तीन आरोप ठेवतात. एक, हे विष आहे. दोन, ते तूरडाळीत आणि बेसनात भेसळीसाठीच वापरले जाते. तीन, हेक्टरी तीन-चार क्विंटल देणाऱ्या या मागास पिकापेक्षा त्या शेतात हरभरा किंवा उन्हाळी धान घेतलेले बरे. तिन्ही आरोप तपासायचे तर आधी ते पीक जिथे वाढते त्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरायला हवे. आरोप करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एवढे कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

सोलापूरच्या वाचकाला रायपूर कोरडवाहू वाटणार नाही. तिथे पाऊस सोलापूरच्या जवळजवळ दुप्पट, वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो चार महिन्यांत येतो आणि जातो. ज्या शेताला कालवा नाही, कूपनलिका नाही, त्याच्यासाठी ऑक्टोबरनंतर आभाळ बंद. मग मालदांडी ज्वारी जशी सोलापूरच्या काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर दिवस काढते, तसेच रायपूर-दुर्गच्या कन्हार जमिनीत जे काही पेरायचे ते मुरलेल्या ओलीवरच. फरक एकच, पण मोठा: सोलापूरचे रान पावसाळ्यात रिकामे ठेवून ओल साठवता येते. इथे त्याच रानात धान उभे असते.

छत्तीसगडी शेतकऱ्याने आपल्या मातीला दिलेली नावे ऐकण्यासारखी आहेत. भाठा म्हणजे माथ्यावरची मुरमाड, मटासी म्हणजे पिवळसर हलकी, डोरसा म्हणजे मधली, आणि कन्हार म्हणजे खोलगटातली भारी काळी. या भारी जमिनीत धानाचा चिखल झालेला असतो. कापणी होईपर्यंत ती इतकी ओली की नांगर घालावा तर लगदा, आणि कापणीनंतर ऊन लागले की इतकी टणक की ढेकळे फुटत नाहीत, वर भेगा. या दोन टोकांच्या मध्ये वाफसा म्हणून जो काही काळ मिळतो तो काही दिवसांचा. तेवढ्यात धान कापायचे, वाहायचे, खळे करायचे की नांगर धरायचा? बैल तेच, माणसे तीच.

यावरचा तोडगा म्हणजे उतेरा. धान अजून उभे आहे, दाणा भरतो आहे, पायाखाली ओल आहे, अशा वेळी, कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, त्या उभ्या पिकातच लाखोळीचे बी फोकायचे. नांगरट नाही, वखरणी नाही, खत नाही. बी चिखलात रुजते, धानाच्या सावलीत रोप धरते, आणि धान कापले गेले की धसकटांमधून वर येते. पुढे थंडीतले दव आणि मातीत उरलेली ओल यांवर ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे राहते. सुरुवातीला पाय पाण्यात आणि शेवटी भेगाळलेल्या जमिनीत. ही दोन्ही टोके सोसणारे दुसरे कडधान्य शोधून दाखवावे. मसूर आणि जवसही उतेऱ्यात पडतात, पण लाखोळीइतके निर्लज्जपणे टिकत नाहीत.

म्हणून तिसरा आरोप आधी निकालात काढलेला बरा. "त्याऐवजी हरभरा घ्या" हा सल्ला देणाऱ्याने हरभरा चिबड जमिनीत पेरून पाहावा. मुळे कुजतात, मर लागते. ज्या उंच, निचऱ्याच्या काळ्या जमिनीवर हरभरा येतो तिथे छत्तीसगडी शेतकरी तो घेतोच. बेमेतरा, कवर्धा, राजनांदगाव हे हरभऱ्याचेच पट्टे आहेत. त्याला कोणी शिकवायची गरज नाही. आणि उन्हाळी धान? त्याला बारा-पंधराशे मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे रायपूरवर वर्षभरात पडते तेवढे सगळे, तेही जमिनीखालून उपसून. ज्याच्याकडे पाणी आहे त्याचा हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो ज्याच्याकडे नाही त्याचा, आणि त्याच्यासमोर पर्याय लाखोळी की हरभरा असा नसतो. लाखोळी की पडीक, एवढाच असतो. तीन-चार क्विंटल हे उत्पन्न हरभऱ्याशी तोलले की हास्यास्पद दिसते. शून्याशी तोलले की त्यात घराची डाळ, बैलांचा कोंडा आणि पुढच्या धानासाठी जमिनीत राहिलेले नत्र दिसते. हिशेब मांडताना खर्चाची बाजू जवळजवळ कोरी आहे हेही विसरले जाते.

आता विषाकडे. इथे लाखोळीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच जास्त गोंधळ घातला आहे. त्यांच्यातले काही जण रोगच नाकारतात. तो नाकारता येत नाही. लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचे एक अमिनो आम्ल असते. ते १९६४ साली बंगलोर आणि दिल्ली इथल्या भारतीय शास्त्रज्ञांनी वेगवेगळे काम करून शोधले. हे द्रव्य मज्जातंतूंवर आघात करते. दिवसेंदिवस, महिनोन्महिने लाखोळी हेच मुख्य अन्न झाले तर पायांतली ताकद जाते, पोटऱ्या ताठरतात, माणूस चवड्यांवर, मग काठीवर, मग दोन काठ्यांवर आणि शेवटी ढुंगणावर सरकत चालतो. बरे करणारे औषध आजही नाही. बळी पडतात ते बहुधा तरुण, कष्ट करणारे पुरुष. ज्याने असा एक माणूस पाहिला आहे त्याची भीती थट्टेवारी नेण्यासारखी नाही.

पण रोग केव्हा, कोणाला, कसा झाला हे विचारले की गोष्ट बदलते.

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या स्लीमनने १८४४ साली छापलेल्या आठवणींत सागरकडची हकिकत नोंदवली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला. १८३० साली वेळेवर पाऊस नाही. १८३१ साली तांबेरा. तीन वर्षे रब्बीचे बाकी सगळे बुडाले आणि एकटी तेवडी, म्हणजे आपली लाखोळी, बुडालेल्या गव्हाच्या रानात माजली. लोकांनी तीच खाल्ली, सलग, दुसरे काही नव्हते म्हणून. १८३३ पासून तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. या हकिकतीतले गुन्हेगार मोजा: गारा, अवर्षण, तांबेरा, रिकामी कोठारे आणि लाखोळी. पहिल्या चौघांनी माणसे उपाशी मारली असती. पाचवीने ती जगवली, आणि जगवल्याची भयंकर किंमत घेतली. तिला निर्दोष म्हणता येणार नाही. पण आरोपपत्रात एकटे तिचेच नाव लिहिणे हा कोणता न्याय?

रेवा-सतन्याकडे तर गारपिटीचीही गरज नव्हती. तिथे माणसाने केलेला दुष्काळ कायमचा होता. भूमिहीन वेठबिगारांना जमीनदार मजुरी धान्यात देत, आणि ते धान्य म्हणजे बहुतांशी खेसारी, म्हणजे हीच लाखोळी. गहू मालकाच्या कोठीत, खेसारी मजुराच्या पदरात. साठच्या दशकात रेव्यात झालेल्या पाहण्यांत पांगळे झालेले लोक बहुसंख्येने याच वर्गातले निघाले. मालकाच्या घरातही ती डाळ होती, भज्यांपुरती. त्याच्या घरात काठ्या नव्हत्या.

आणखी उघडानागडा पुरावा युरोपातला आहे. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या, आजच्या युक्रेनमधल्या वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना १९४२च्या शरदापासून रोज ४०० ग्रॅम लाखोळी, मीठपाण्यात उकडून, आणि थोडा जवाचा पाव एवढेच दिले गेले. काही महिन्यांतच शेकडो कैद्यांचे पाय गेले. कैद्यांतलाच एक डॉक्टर, आर्थर केसलर, याने कारण ओळखले. छावणीतला हा रोग पिकाने केला असे कोणी म्हणत नाही. छावणीने केला असेच म्हणतात. मग रेव्यातला रोग मजुरीच्या पद्धतीने केला असे म्हणताना आपली जीभ का अडखळते? त्याआधीच्या एका युद्धातल्या उपासमारीची आठवण म्हणून स्पॅनिश चित्रकार गोया याच्या एका छापचित्रात भुकेलेली माणसे या पिठाच्या पेजेभोवती जमलेली दिसतात, आणि चित्राच्या नावातच त्या धान्याचे आभार मानलेले आहेत. स्पेननेही १९६७ साली या पिठाला माणसाच्या अन्नातून हद्दपार केले; ला मांचातल्या लोकांनी थंडीतली आपली गाचास ही पेज खाणे काही सोडले नाही, आणि अलीकडे ती मनाईही सैल झाली.

वैद्यकीय साहित्यात सर्वसाधारण मान्य असलेली गोष्ट अशी की रोजच्या आहाराचा एक तृतीयांश किंवा त्याहून मोठा भाग लाखोळीचा असेल आणि ते तीन-चार महिने चालले, तर धोका उभा राहतो. थाळीत भात, भाजी, आंबट काही आणि वाटीभर डाळ असेल तर तो हिशेब जुळत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर या तीन जिल्ह्यांत पाहणी करून २०१८ साली जे छापले त्यात, हजारो माणसे तपासून, संशयित रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. आणि हे तीन जिल्हे देशातल्या लाखोळीच्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर आहेत, जिथे तिच्या विक्रीला कधी आडकाठी नव्हती. विष एवढे सरसकट असते तर गोल बाजारात काठ्या विकणाऱ्यांची रांग लागली असती.

ज्यांना हे अजूनही पटत नाही त्यांनी येत्या एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीकडे जरा रोखून पाहावे. साबुदाणा होतो तो टॅपिओकाच्या कंदापासून. त्या कच्च्या कंदात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. आफ्रिकेत दुष्काळाच्या वर्षी कंद नीट न भिजवता, न वाळवता, दिवसरात्र तोच खाण्याची वेळ आली की कोंझो नावाचा रोग होतो: तरुण माणसांचे पाय ताठरतात, चालणे जाते. लाखोळीच्या रोगाची सख्खी बहीण म्हणावी इतके साम्य. तरी सालेमच्या कारखान्यांतून येणाऱ्या साबुदाण्यावर बंदी घाला असे पुण्यात कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. कारण उघड आहे. साबुदाणा प्रक्रिया होऊन येतो, अधूनमधून खाल्ला जातो, आणि खाणाऱ्याच्या घरात दुसऱ्या दिवशी पोळी असते. लाखोळीलाही हीच तीन वाक्ये लागू पडतात. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून टाकले की ओडॅपचा मोठा हिस्सा पाण्याबरोबर जातो, हे पोषणशास्त्रज्ञांनी कधीच सांगून ठेवले आहे. एकाला उपासाचा मान आणि दुसरीला फौजदारी, यात रसायनशास्त्र कमी आणि खाणारा कोण आहे याचा विचार जास्त दिसतो.

आता कायदा. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१च्या फेब्रुवारीत ४४-अ हा नियम आला. त्याची भाषा मासलेवाईक आहे. राज्य सरकार जी तारीख जाहीर करील त्या तारखेपासून त्या राज्यात खेसारी, तिची डाळ, तिचे पीठ, तिचे हरभऱ्याशी किंवा बेसनाशी केलेले मिश्रण, यांची विक्री बंद. म्हणजे दाणा विषारी केव्हापासून, हे राज्याने तारीख घालून ठरवायचे. महाराष्ट्राने तारीख घातली. मध्य प्रदेशाने घातली नाही, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी त्यातून वेगळे झालेल्या छत्तीसगडानेही नाही.

इथे थोडा इतिहास आठवायला हवा. रायपूर आणि भंडारा एकाच घरात वाढलेली भावंडे आहेत. भोसल्यांच्या राज्यात दोन्ही, इंग्रजांच्या मध्य प्रांतात दोन्ही, आणि १९५६च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत दोघांची राजधानी एकच, नागपूर. गोल बाजारापासून फार लांब नसलेल्या तात्यापाऱ्यात मराठी घरे आहेत ती याच नात्यातून. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. सव्वाचार वर्षांनी नियम आला आणि एकाच पद्धतीने, एकाच मातीत, एकाच बियाण्याने पिकलेला दाणा दोन जातींचा झाला. रायपूरहून मुंबईकडे निघालेल्या गाडीत लाखोळीचे पोते ठेवा. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, तोवर तो शेतमाल. दरेकसाचा बोगदा ओलांडून सालेकसा, आमगाव आले की विकायला निघालेला तोच माल गुन्हा. २००८ साली महाराष्ट्राने बंदी उठवली तेव्हा दाण्यात काहीच बदलले नव्हते. बदलला होता तो मंत्रालयातला कागद. तो बदलावा म्हणून नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे सत्याग्रह आणि उपोषणे केली. त्यांच्याच संस्थेने आयोडीन नसलेल्या मिठाच्या बंदीलाही सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते आणि २०११ साली तो नियम अवैध ठरवून घेतला. तो वेगळा विषय, पण अन्नावर सरसकट हुकूम काढण्याच्या सवयीला नागपुरातून दोनदा टक्कर मिळाली, एवढे नोंदवावे.

नियमातली खरी मेख मात्र वेगळीच आहे. त्याने बंदी घातली विक्रीवर. पिकवण्यावर नाही, खाण्यावर नाही. आता विचार करा, धोका कोणाला होता? जो लाखोळी पिकवतो, दुसरे काही नसल्याने तीच खातो, किंवा खळ्यावर मजुरी म्हणून तीच पदरात घेतो, त्याला. त्याच्या तोंडातला एक घासही या नियमाने अडवला नाही. खळ्यावर मापाने दिलेल्या मजुरीची पावती कोण फाडतो? नियमाने वाचवले ते शहरातल्या ग्राहकाला, जो महिन्यातून चार वेळा भजी खाणार होता आणि ज्याला धोका नव्हताच. शिवाय ज्या शेतकऱ्याने दोन पोती लाखोळी उघड बाजारात विकून तूर, तेल, गहू घरी नेले असते, त्याचा बाजार बंद झाला. माल एकतर चोरवाटेने पडत्या भावाने जाणार, नाहीतर घरातच राहणार. घरात राहिला की ताटात वाढणार. म्हणजे आहारातले लाखोळीचे प्रमाण कमी करण्यासाठी काढलेला नियम, ते प्रमाण जिथे आधीच जास्त होते तिथेच वाढवणारा ठरतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण याहून चपखल क्वचितच लागू पडली असेल. रेव्याच्या मजुराला खरा दिलासा देण्याची ताकद होती ती १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात आणि रोख मजुरीत. ज्या प्रमाणात मजुरी रोख झाली, गहू-तांदूळ स्वस्त धान्य दुकानात मिळू लागला, त्या प्रमाणात काठ्या कमी झाल्या. बंदी नसलेल्या प्रदेशातही कमी झाल्या, हे महत्त्वाचे.

भेसळीचा आरोप खरा आहे. पाचरीसारखा, कडेला दबलेला तो दाणा फोडून डाळ केली की तुरीत सहज लपतो, आणि पीठ केले की बेसनात शोधून सापडत नाही. पण भेसळ होते ती स्वस्त आणि बेनाव मालाची. ज्या वस्तूला स्वतःच्या नावाने दुकानात उभे राहता येत नाही ती दुसऱ्याच्या नावाने शिरते. १९६१च्या नियमातल्या यादीत निम्म्या ओळी मिश्रणांवर खर्च झाल्या आहेत. लिहिणाऱ्यालाही खरी काळजी कशाची होती ते त्यावरून दिसते. मग सरळ भेसळीवर तुटून पडा. गिऱ्हाइकाला तुरीच्या भावात लाखोळी विकणारा चोर आहे, आणि लाखोळी म्हणून लाखोळी विकणारा दुकानदार आहे. या दोघांना एकाच कलमात कोंबल्याने फायदा झाला तो चोराचा, कारण गिऱ्हाइकाने दाणा ओळखण्याची सवयच मोडली. ज्याच्या घरी ती डाळ नावानिशी शिजते त्याला तुरीत मिसळलेली ती फसवेल कशी? तो ती पहिल्या मुठीत ओळखेल.

आणि गंमत अशी की त्या यादीत भाजी नाही. तिवऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांतही ओडॅप असतेच, पण त्या जुडीकडे नियमाचे लक्ष गेले नाही, आणि रायपुरात हिवाळाभर ती खाऊन कोणाचे पाय गेल्याचे ऐकू येत नाही. दोन महिने, आठवड्यातून एकदोनदा, भाताबरोबर. प्रमाण म्हणजे काय याचा धडा प्रयोगशाळेत जाण्याआधी त्या भाजीवालीच्या टोपलीत मिळतो.

सरकारी विज्ञानाने घेतलेला मार्ग कमी विषाच्या बियाण्याचा. देशी वाणांत ओडॅप ०.२ ते ०.५ टक्के, कधी त्याहून जास्त. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचे रतन, आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचे प्रतीक आणि २००८चे महातिवडा, या वाणांत ते ०.१ टक्क्याच्या आत आणले गेले. काम मोलाचे आहे, आणि ते गोल बाजारापासून काही किलोमीटरवर झाले हे विशेष. २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली आणि लगेच, २०१६च्या जानेवारीत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या तीन वाणांपुरती बंदी उठवण्याची शिफारस केल्याच्या बातम्या आल्या. तूर महागली म्हणून लाखोळी आठवली, यातला उशीर बोलका आहे. पण या वाणांकडे बोट दाखवून "आता प्रश्न मिटला" म्हणणाऱ्यांनाही थांबवायला हवे. ओडॅपचे प्रमाण वाणाइतकेच जमिनीवर आणि ताणावर ठरते. पाण्याचा ताण पडला, जस्त कमी असले की ते चढते. शेतकरी बी घरचे ठेवतो, शेजारच्या बांधीतले परागकण मधमाशी आणते, आणि चार-पाच हंगामांत महातिवडा किती महातिवडा उरतो हे सांगता येत नाही. शिवाय बाजारात पोत्यात ओतलेल्या डाळीतून रतन कोणता आणि देशी कोणता हे निवडणार कोण? तीन वाणांना परवाना आणि बाकीच्यांना बंदी हा नियम कागदावर शोभेल, खळ्यावर नाही. बियाणे द्यावे, भरपूर द्यावे, दर काही वर्षांनी बदलून द्यावे. पण सुरक्षिततेचा मुख्य खांब ताटातली विविधताच आहे, आणि बी हा त्याला दिलेला टेकू.

हे सगळे वाद चालू असताना पीक मात्र वेगळ्याच कारणांनी मागे हटते आहे, आणि त्याबद्दल विषाच्या विरोधकांना किंवा विषाच्या वकिलांना फारसे काही म्हणायचे नसते. छत्तीसगड सरकार २०२३ पासून धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये देते, एकरी २१ क्विंटलपर्यंत. शेतकऱ्याचा सगळा जीव त्या २१ क्विंटलांत अडकतो आणि त्यात चूक काही नाही. लाखोळीला आधारभूत किंमतच नाही. हरभरा, मसूर, मोहरी, करडई या रब्बी पिकांच्या यादीत तिचे नाव कधी आले नाही. धान लवकर मोकळे व्हावे म्हणून बांधीत हार्वेस्टर उतरतो. त्याला कोरडी, घट्ट जमीन लागते, म्हणून पाणी आधी काढले जाते आणि उतेऱ्याचे बी रुजायला ओल उरत नाही. जिथे रुजले तिथे त्याच्या चाकांखाली रोपे जातात. विळ्याने धान कापणारी बाई धसकट उंच ठेवून, रोप सांभाळून पाय टाकते. यंत्राला तो जिव्हाळा नाही.

त्याहून मोठा शत्रू चार पायांचा. धान उचलले की गावातली गुरे मोकळी सोडायची ही जुनी रीत. पूर्वी सगळ्या शिवारात उतेरा असे तेव्हा राऊत गुरे राखत असे आणि शिवार राखले जाई. आता दहा बांध्यांत एकाने लाखोळी टाकली तर ती उरलेल्या नऊ जणांच्या गुरांसाठी टाकल्यासारखी होते. म्हणून तो एकही पुढच्या वर्षी टाकत नाही. २०२० साली राज्य सरकारने रोका-छेका नावाची मोहीम काढली ती मोकाट गुरांना आवर घालण्यासाठीच. नाव जुन्या गावरीतीचे, उद्देश चांगला. पण उतेरा वाचायचा तर आवर धान निघाल्यावर, नोव्हेंबरपासून फाल्गुनापर्यंत लागतो, आणि तो एका शेतकऱ्याच्या कुंपणाने होत नाही. अख्ख्या गावाने एकत्र ठरवले तरच होतो. भंडारा-गोंदियाच्या बांध्यांचेही दुखणे हेच. तिथे २००८ पासून विक्रीला मोकळीक आहे, पण कापणीनंतर शिवारात गुरे आधी पोचतात आणि बी नंतर.

तेव्हा नागपूरच्या पाहुण्याने गोल बाजारात दचकून पोत्यापासून हात मागे घेण्याआधी दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत. ही डाळ कुठल्या तहसिलीतून आली, आणि गेल्या वर्षीपेक्षा आवक किती घटली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना त्याने सालेकशाच्या पलीकडची आपलीही बांधी डोळ्यांसमोर आणावी: डिसेंबरात धसकटांची, जानेवारीत भेगांची, आणि मृगापर्यंत तशीच.